‘म्हटलं जातंय’, पण कोण म्हणतंय?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. फोन करणार होतो, पण तू कामावर असशील आणि मला बोलायचंय ते पाच मिनिटांत मावणारं नाही. म्हणून लिहितोय.

एका फेसबुक पेजवर तुला चार ओळी दिसल्या. एक माजी रणजीपटू अत्यवस्थ असल्याच्या. अकरा मिनिटांत तू तुमच्या साइटवर त्यांची बातमी केलीस. मथळा दिलास, ‘‘या’ दिग्गज खेळाडूची मृत्यूशी झुंज? क्रिकेटविश्वाला धक्का’. दीड लाख लोकांनी उघडली. मग कमेंटमध्ये त्यांच्या मुलीनं लिहिलं, ‘ते माझे बाबा आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून जेवतायत.’ तू ते साहेबांना दाखवलंस, तर ते म्हणाले, ‘मस्त, आता “लेकीनं सोडलं मौन” अशी बातमी करून टाक.’ आणि तू तीही केलीस. पहिलीपेक्षा ती जास्त चालली.

तू लिहिलंयस, ‘सर, मी खोटं काहीच लिहिलं नाही. मथळ्यात प्रश्नचिन्ह होतं. आत म्हटलं जातंय असं होतं. तरी झोप का येत नाही कळत नाही.’

मला राग आला तो याच ओळीचा. तुझ्या चुकीचा नाही. तुझ्याहून मोठी चूक माझ्या खात्यावर आहे, ती पुढं सांगतो. राग आला तो तू प्रश्नचिन्हाच्या आडोशाला जाऊन उभी राहिलीस याचा. झोप येत नाही कारण तुला सगळं कळतंय. मग मला विचारतेस कशाला?

शाळेत प्रयोग शिकलीस ना, कर्तरी, कर्मणी, भावे? ‘म्हटलं जातंय’चा कर्ता शोधून दाखव मला. ‘चर्चा रंगली आहे’चा दाखव. ‘समोर आलं आहे’चा दाखव. आपल्या भाषेत माणूस वगळूनही वाक्य उभं राहतं, ही तिची सोय आहे. आपल्या धंद्यानं त्याची पळवाट केली. माझं तुला एकच सांगणं आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. लिहायच्या आधी विचार, कोण म्हणालं? नाव सापडलं की त्याला फोन लाव. नाव सापडलं नाही तर ती बातमी नाही.

ही अक्कल माझी नाही. एका बापानं ती मला दिली.

१९९७ सालचा वैशाख. मी सव्वीस वर्षांचा होतो. कोल्हापूर आणि सांगलीच्या शिवेवरच्या एका गावात जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान होतं. वाटेत मोटारसायकल पंक्चर झाली आणि मी पोचलो तेव्हा दोन नंबरची कुस्ती होऊन गेली होती. वीस वर्षांचा एक उमदा पोरगा, त्या हंगामात सगळ्यांच्या तोंडी असलेला, आपल्यापेक्षा कच्च्या पैलवानाकडून तिसऱ्या मिनिटाला चितपट झाला होता. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, ‘विकली कुस्ती, दुसरं काय!’ दोघं-तिघं हसले. मी वर्तमानपत्राच्या ऑफिसला येऊन चौकट लिहिली आणि शेवटी टाकलं, ‘ही कुस्ती नुरा असल्याची चर्चा मैदानावर होती.’ नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली. त्या वाक्याचा मला अभिमानसुद्धा वाटला. धाडसी बातमीदार!

चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. बंडीच्या खिशातून कात्रण काढलं, टेबलावर ठेवलं, तळव्यानं सपाट केलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘साहेब, हे कोण म्हणालं? नाव तेवढं सांगा. मी त्याच्या पाया पडतो आणि विचारतो, तू काय बघितलंस म्हणून.’

माझ्याकडे नाव नव्हतं. टपरीवरच्या त्या माणसाचा चेहराही आठवत नव्हता.

पोराला चार दिवस ताप होता. वस्तादांनी लढू नको म्हणून सांगितलं होतं, पण पत्रकावर नाव छापलेलं, गावात फ्लेक्ससारखे कापडी फलक लागलेले, म्हणून तो हौद्यात उतरला. हे सगळं मला एका फोनवर कळलं असतं. तालमीसमोरच्या किराणा दुकानात फोन होता आणि तो नंबर माझ्या वहीत होता. पान सुटायला दीड तास होता.

आम्ही खुलासा छापला. चार ओळी, सहाव्या पानावर, गुळाच्या भावांच्या खाली. पुढच्या हंगामात त्या पोराला मोठ्या मैदानांची बोलावणी येईनाशी झाली. तो पडला की लोक म्हणायचे विकली, जिंकला की म्हणायचे समोरच्यानं विकली. दोन वर्षांत त्यानं लंगोट खुंटीला अडकवला आणि साखर कारखान्यात हंगामी कामाला लागला. खुराकासाठी बापानं म्हैस विकली होती, हे मला फार नंतर कळलं.

म्हणून आमच्या काळी पत्रकारिता स्वच्छ होती, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दोष तेव्हाही हाच होता. फरक एवढाच की माझी चौकट तालुक्यापुरती फिरली आणि आठवड्यानं तिच्यावर भजी बांधली गेली. तुझी बातमी त्या माणसाचं नाव टाकलं की उद्याही वर येईल, दहा वर्षांनीही येईल. त्यांच्या नातवंडांना सापडेल.

आणि तुमच्या साइटचं गणित तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जाहिरातीचे पैसे पान उघडण्यावर मिळतात. वाचणाऱ्याचा विश्वास बसला की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अफवा हे एक पान, खंडन दुसरं, ‘चाहते संतापले’ हे तिसरं. खोटं निघालं म्हणून कुणाचं काही बुडत नाही, उलट दोन पानं वाढतात. तुझे साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वरून येणारं टार्गेट तेही झेलत असतील. पण त्या मुलीच्या कमेंटमध्ये ज्याला फक्त पुढचा मथळा दिसला, त्याच्याकडून हा धंदा शिकू नकोस.

२३ ऑगस्ट २०२३ आठवतो? झिम्बाब्वेचा क्रिकेटपटू हीथ स्ट्रीक गेल्याची बातमी जगभर झाली. ज्याच्या शब्दावर ती पसरली तो कुणी ऐरागैरा नव्हता. हेन्री ओलोंगा, त्याचाच संघसहकारी. म्हणजे ‘कोण म्हणालं’ला इथं नाव होतं, चांगलं वजनदार नाव होतं. तरीही बातमी खोटी! काही वेळानं ओलोंगानंच लिहिलं की स्ट्रीकचा मला मेसेज आलाय, तो जिवंत आहे. आपल्या मुंबईच्या ‘मिड-डे’नं स्ट्रीकशीच संपर्क साधला. त्यानं सांगितलं, मी जिवंत आहे आणि या बातमीनं मला दुखावलंय. बघ, उत्तर देऊ शकणारा माणूस होता, मेसेज केला की उत्तर देत होता. म्हणून माझ्या प्रश्नाला एक शेपूट जोड. कोण म्हणालं, आणि त्याला कसं कळलं?

स्ट्रीकला कर्करोग होता. ३ सप्टेंबरला तो खरोखर गेला. वय अवघं ४९. त्या आठवड्यात आमच्याच क्षेत्रातला एक जण मला म्हणाला, ‘शेवटी खरंच ठरलं की.’ मी त्याच्याशी नंतर महिनाभर बोललो नाही. मधले अकरा दिवस त्या माणसाचे होते, त्याच्या बायकोमुलांचे होते. त्यात स्वतःच्या मरणाचं खंडन करत बसायची पाळी त्याच्यावर कुणी आणली? फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरेश रैनाचंही हेच झालं. अपघातात गेल्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फिरले आणि मी ठीक आहे, घरचे हादरलेत, हे त्याला स्वतः लिहावं लागलं.

तुझे साहेब हार्दिक पांड्याचं उदाहरण देतात असं तू मागं म्हणाली होतीस. तो मुंबईकडे जाणार अशी चर्चा होती, २६ नोव्हेंबर २०२३ ला आयपीएलच्या गुजरात संघानं कायम ठेवलेल्यांच्या यादीत त्याचं नाव होतं आणि दुसऱ्या दिवशी तो अधिकृतपणे मुंबईचा झाला. म्हणजे चर्चा खरी निघते. निघते ना! मी कधी नाही म्हटलं? पण ज्या बातमीदारांनी ती आधी दिली, त्यांच्याकडे फोन उचलणारी माणसं होती. ती माणसं त्यांनी वर्षानुवर्षं जोडली होती. आणि त्यांचं वाचून ज्यांनी ‘म्हटलं जातंय’ लिहिलं, त्यांच्याकडे काय होतं? बातमी खरी निघाली म्हणून त्यांचं काम खरं ठरत नाही. अंधारात फेकलेला दगड आंब्याला लागला तरी तो नेम नसतो.

आमच्या सांगलीतलंच बघ. २३ नोव्हेंबर २०२५ ला स्मृती मानधनाचं लग्न होतं. वडिलांची तब्येत बिघडली, ते पुढं गेलं. ७ डिसेंबरला तिनं स्वतः चार ओळींत सांगितलं की लग्न होणार नाही, आम्हाला आमचं आमचं राहू द्या. मधले चौदा दिवस ‘सूत्रांच्या’ हवाल्यानं काय काय लिहिलं गेलं! महिन्याभरापूर्वी विश्वचषक जिंकून आलेली मुलगी. इथं फोन करून विचारण्यासारखंही काही नव्हतं. घर दुःखात आहे एवढं कळल्यावर गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हेही बातमीदाराचं काम आहे, पण त्याचं टार्गेट कुणी देत नाही.

आता तर नाव दिसतं, चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, आणि तरी ते उत्तर नसतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिनचा व्हिडिओ आला. तोच चेहरा, तोच आवाज, एका गेमिंग ॲपची तारीफ करणारा. बनावट आहे हे त्यालाच जाहीर करावं लागलं. ‘कोण म्हणालं?’ ‘सचिन म्हणाला, मी बघितलं.’ नाही. तू सचिनचं चित्र बघितलंस. त्याच्या माणसांना विचारलंस का?

आणि कुस्ती तर माझ्या मानगुटीवरून उतरतच नाही. जानेवारी २०२३, पुण्यात महाराष्ट्र केसरी. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाचे चार गुण दिले, त्यावरून रान पेटलं. पंचांचा निर्णय चुकला की बरोबर, यावर वस्तादांनी वाद घालावा, घातलाही. पण मोबाइलवर ते एका दिवसात ‘विकलं’वर गेलं, आणि पंचांना फोनवरून धमकी आली. तो शब्द वाचताना मला पुन्हा ते सपाट केलेलं कात्रण दिसलं.

माझ्या हट्टाची किंमत मी मोजली, हेही सांगतो. त्या पोराचे वडील येऊन गेल्यानंतर मी प्रत्येक बातमीला फोन लावत बसायचो. पान उशिरा सुटायचं, कधी पेपरच्या पार्सलची एसटी चुकायची, सकाळी तालुक्याचे एजंट शिव्या घालायचे. एका ज्येष्ठ खेळाडूच्या निधनाची बातमी घरून होकार येईपर्यंत मी चाळीस मिनिटं धरून ठेवली. ती खरी होती, आणि शहर आवृत्तीत फक्त आमच्याकडं नव्हती. माझ्यामागून आलेले वृत्तसंपादक झाले. त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. वाटतं. तुझी काकू अजून म्हणते, थोडं जुळवून घेतलं असतं तर घराचे हप्ते लवकर फिटले असते. तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर होतं. त्या चाळीस मिनिटांत मी कुणाला जिवंतपणी मारलं नाही, आणि आज पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा चाळीस मिनिटं थांबेन.

नोकरी सोडू का, असं विचारलंयस. तुझ्या घरभाड्याचा हिशोब मला माहीत नाही, म्हणून उत्तर देत नाही. सोडलीस तरी तुझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसेल आणि तिलाही अकरा मिनिटंच मिळतील. राहायचं असेल तर नंबर जमव. जिल्हा क्रीडा अधिकारी, संघटनेचा सचिव, मैदानावरचा माळी, खेळाडूचा पहिला प्रशिक्षक, शेजारचा दुकानदार. मोठी माणसं फोन उचलत नाहीत, पण त्यांच्या घरासमोरचा दुकानदार उचलतो. दिवसाला चौदा बातम्या मागतात ना? तेरा कर. चौदाव्या बातमीचा वेळ एका फोनला दे. साहेबांनी बिनबुडाचं काही मागितलं तर भांडू नकोस. ‘सर, कोण म्हणालं एवढं सांगा, मी लगेच करते,’ असं विचार. रोज विचार. त्यांना कंटाळा येईल, येऊ दे. तुला येऊ देऊ नकोस.

लिहिता लिहिता तुझी ती बातमी परत उघडून बघितली. आठ दिवस झाले, अजून तशीच आहे. तोच मथळा, तेच प्रश्नचिन्ह. खाली त्या मुलीची कमेंट आहे आणि तिला उत्तर म्हणून अठ्ठावीस जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलंय. नोकरीचं आपण रविवारी बोलू. सोमवारपर्यंत थांबू नकोस, आज ते पान काढायला लाव, तिथं चूक झाल्याचं तुझ्या नावानं लिही, आणि मग त्या मुलीचा नंबर मिळवून तिला फोन कर. तिच्या बाबांशी बोलायला मिळालं तर बोल.

कळावे.

तुझा,
सर