हॉलिडे मेंबरशिपवर सही केली, कार्डावरून पैसेही गेले. आता माघार घेता येईल का?

पुण्यात ‘मोफत जेवण आणि गिफ्ट व्हाउचर’ म्हणून बोलावलं, तीन तास बसवून दहा वर्षांची मेंबरशिप गळ्यात मारली, १ लाख ६० हजार कार्डावरून गेले आणि करारात ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलंय, असं तुम्ही लिहिलंय; तोंडी दिलेली आश्वासनं सिद्ध कशी करायची, हेही विचारलंय. सही चार दिवसांपूर्वीची आहे. मग बाकीचं उत्तर मागाहून वाचा, आधी मेंबरशिप रद्द करतोय असा ईमेल पाठवा आणि उद्या तेच पत्र स्पीड पोस्टाने टाका. फोनवर अजिबात विसंबू नका.

हे कळकळीने सांगतेय, कारण माझ्या बाबांनी निवृत्तीच्या पैशातून अशीच मेंबरशिप घेतली होती. पंधरा दिवस ते फोन करत राहिले आणि रोज ‘मॅनेजरसाहेब बाहेर आहेत’ हे ऐकत राहिले. दहा दिवसांत रद्द करता येईल, हे करारातच बारीक अक्षरांत होतं. ती मुदत फोनाफोनीत निघून गेली.

अशा मेंबरशिपला, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याच्या हक्काला, टाइमशेअर म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. युरोपीय संघात २००८च्या निर्देशाप्रमाणे १४ दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते, आणि तेवढ्या दिवसांत कंपनीला आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. इथे अशी मुदत करारात असेल तरच मिळते, म्हणून तुमचा करार आजच शेवटच्या पानापर्यंत वाचा.

मुदत नसली तरी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ‘वाद फक्त अमुक शहराच्या कोर्टात’ या ओळीला घाबरू नका. कलम ३४प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. लवादाची (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची) अट असली तरी आयोगाचं दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जा. आणखी एक: एखादी अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून घ्यायची असेल, तर तो अधिकार राज्य आयोगाला आहे. जिल्हा आयोगात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांवर भर द्या.

कार्डाचे हप्ते रागाच्या भरात थांबवू नका, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचीच बिघडेल. या रकमेबद्दल वाद असल्याचं पत्र मात्र बँकेला लगेच द्या.

तोंडी आश्वासनं कशी सिद्ध करायची, हा तुमचा खरा प्रश्न. खोटं सांगून मिळवलेल्या संमतीचा करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो, हे १८७२च्या करार कायद्यातच आहे, पण पुरावा लागतो. तेव्हा ‘आपल्या प्रतिनिधीने अमुक तारखेला असं सांगितलं होतं’ हे सगळं त्या ईमेलमध्ये मुद्देसूद लिहा. माहितीपत्रक, व्हॉट्सअॅप, कॉलची नोंद, काही पुसू नका. बाबांच्या तक्रारीत शेवटी उपयोगी पडला तो विक्रेत्याचा एक मेसेज: ‘काका, मे महिन्यातही रूम नक्की.’