निरंक

रामबाग, इंदूर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा भलामोठा व्हॉट्सअॅप मेसेज वाचला. उत्तर कागदावर देतोय, कारण अंगठ्याने टाइप करत बसलो तर पुढची पेशी, म्हणजे कोर्टातली तारीख, उजाडेल.

तू विचारलंस, गुन्हा न करता जन्मठेप भोगणारा माणूस ओळखायचा कसा? विधिक सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, शिबिराला सेंट्रल जेलमध्ये गेलीस, चौघांनी हात जोडून ‘हमने कुछ नहीं किया’ म्हटलं, आणि त्यातल्या एकाचं तुला खरं वाटलं. का, तर तो रडला नाही.

ओळखता येत नाही. पस्तीस वर्षांत मला तरी जमलं नाही. शंभर टक्के निष्पाप वाटलेल्या एका अशिलाने सुटल्यावर घरी पेढे आणून दिले आणि निघताना डोळा मारला. तेव्हापासून मी चेहरे वाचणं सोडलं. उलटंही होतं. २०११ च्या जूनमध्ये आपल्या शहरात एकाच घरात आजी, आई आणि मुलगी अशा तिघींचा खून झाला, तेव्हा तू शाळेत असशील. मराठी घर होतं. इथल्या प्रत्येक मराठी दिवाणखान्यात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता, आणि आरोपी पकडले गेले तेव्हा फाशीच हवी असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी, फौजदारी वकील. कागदाचं एक पान न पाहता. पुढे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला, फाशी मात्र काढून किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली. म्हणजे माझा अंदाज अर्धा बरोबर निघाला. पण तो अंदाज होता, हे विसरू नकोस.

त्या निकालात तुझ्या कामाची एक गोष्ट आहे. कोर्टाने म्हटलंय की पोलिसांनी तपासात गोळा केलेल्या, पण खटल्यात न वापरलेल्या जबाबांची, कागदांची आणि वस्तूंची यादीसुद्धा बचाव पक्षाला दिली पाहिजे. ती यादी मागायला शीक. ज्यांचा दोष सिद्ध झाला त्यांच्या खटल्यातून हे हत्यार आपल्या हाती आलंय, म्हणून वापरायला लाजू नकोस.

आता मुख्य सांगतो. चेहऱ्याऐवजी फाइलमध्ये काय शोधायचं, तर एक शब्द. निरंक.

आपल्या मध्य प्रदेशातल्या साक्षीच्या कागदावर तो तुला भेटेल. सरकारी वकिलाने साक्षीदाराला सगळं विचारून झालं की खाली बचावाच्या वकिलाचे प्रश्न येतात. प्रश्न नसले की बाबू लिहितो, ‘प्रतिपरीक्षण - निरंक’. म्हणजे उलटतपासणी, काही नाही. असे किती खटले उलटून पाहिलेत मी! माणूस आत जातो तो पुष्कळदा या शब्दाच्या बोळातून.

माझ्या हातूनही लिहिला गेलाय तो. तुला कधी सांगितलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, वकिलीचं तिसरं वर्ष, सरकारी खर्चाने मिळालेली केस. छावणीच्या अनाज मंडीतला एक हम्माल, मजुरीवरून भांडण, दोन दिवसांनी नाल्याकाठी सोबत्याचं प्रेत. पुरावा काय? एकाने दोघांना संध्याकाळी सोबत पाहिलेलं. आणि आरोपीच्या मेमोरेंडमवरून, म्हणजे त्याने पोलिसांना सांगितल्याच्या नोंदीवरून, जप्त केलेला पोती ओढायचा लोखंडी आकडा. असा आकडा मंडीतल्या प्रत्येक हम्मालाच्या हातात असतो. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणाला, आकड्यावर रक्त आहे, पण कोणाचं ते सांगता येत नाही.

जप्तीचा दुसरा पंच साक्षीला आला त्या दिवशी शेजारच्या कोर्टात माझ्या एका पैसे देणाऱ्या अशिलाची पेशी होती. पहिल्या पंचाला मी चार प्रश्न विचारले होतेच. आमचे एक ज्येष्ठ म्हणायचे, फार खोदू नका, खड्ड्यात आपणच पडतो. तो उपदेश त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला. मी म्हणालो, काही विचारायचं नाही, आणि शेजारच्या कोर्टात पळालो. निरंक.

जन्मठेप झाली. अपिलात दुसरा वकील होता. हायकोर्टाने लिहिलं की या साक्षीदाराची उलटतपासणीच झालेली नाही, त्यामुळे त्याच्या सांगण्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. कायद्याने बरोबरच आहे ते. त्यानंतर कधीतरी दुसऱ्या केससाठी त्याच ठाण्यात गेलो असताना समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. चहा देणारा तोच पंच. ठाण्याच्या दारापासून वीस पावलांवर धंदा, रोज साहेबांच्या टेबलावर त्याचाच चहा. ‘तुम्ही काय करता, दुकान कुठे आहे?’ एवढंच विचारायचं होतं मला.

हम्माल चौदा वर्षांहून अधिक काळ आत राहिला आणि एका २६ जानेवारीला सुटला. मला भेटायला आला नाही. का यावं? त्याने खून केला होता की नाही, मला आजही माहीत नाही. पण तो आत गेला त्यात माझ्या त्या दुपारचा वाटा होता, एवढं ठाऊक आहे.

तुला वाटेल, काका जुन्या काळाचं बोलतायत. मग खंडव्याची केस वाच. इथून सव्वाशे किलोमीटर. २०१३ च्या जानेवारीअखेरीस नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि खून. दिल्लीच्या निर्भया घटनेला जेमतेम दीड महिना झालेला, सगळा देश पेटलेला. पकडला गेला एक गरीब आदिवासी तरुण. १९ फेब्रुवारीला त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. ४ मार्चला फाशी. त्या वकिलाला काय वेळ मिळाला असेल, हिशेब तूच कर. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तो सगळा खटला रद्द करून पुन्हा चालवायला सांगितलं आणि सोबत नियम घालून दिले: फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेला माणूस द्यायचा, त्याला तयारीला किमान सात दिवस द्यायचे, आरोपीला भेटू द्यायचं.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं. पुन्हा खटला चालला आणि २०२२ मध्ये पुन्हा फाशी. डीएनएचा अहवाल फाइलमध्ये होता, पण तो देणाऱ्या तज्ज्ञाला साक्षीला बोलावलंच नव्हतं. म्हणून २०२३ मध्ये हायकोर्टाने प्रकरण परत पाठवलं. २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं, दोनदा फाशी. आणि ती मुलगी? तिच्या आईबापांना अकरा वर्षांनी काय हाती लागलं, ते कुठल्याच बातमीत नीट आलं नाही. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा बाहेर असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

तुझी अडचण वेगळी आहे, कळतंय मला. तू अजून दहा वर्षांची वकील नाहीस, तुला मिळणार ते जुन्या निकालांचे गठ्ठे. तर गठ्ठा सोडलास की निकालपत्र आधी वाचायचं नाही. न्यायाधीश चांगलं लिहितात. एकदा त्यांची गोष्ट डोक्यात बसली की बाकी सगळे कागद तुला त्या गोष्टीसारखेच दिसू लागतात. सुरुवात मर्गपासून, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदीपासून, कर. मग देहाती नालिशी, म्हणजे पोलिसांनी घटनास्थळीच लिहून घेतलेली पहिली तक्रार, मग एफआयआर, प्रत्येकावरची वेळ एका कागदावर उतरव. नालिशीत आरोपीचं नाव नाही आणि तीन तासांनंतरच्या एफआयआरमध्ये आहे, तर मधल्या तीन तासांत ठाण्यात कोण आलं होतं? एफआयआरची प्रत मॅजिस्ट्रेटकडे कधी पोचली? जप्तीचा पंच त्याच दिवशी आणखी किती पंचनाम्यांवर सही करत होता? आरोपीचे शेवटचे जबाबही वाच. साठ प्रश्नांना साठ वेळा ‘मालूम नहीं’ असेल, तर त्याला प्रश्न समजावूनच कोणी दिले नव्हते.

कागद पुष्कळदा आधीच बोललेला असतो. नाशिकजवळ २००३ मध्ये पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबातल्या पाच जणांना मारलं गेलं. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २००९ मध्ये सहाही जणांना फाशी, ज्यांची हायकोर्टाने जन्मठेप केली होती त्यांनासुद्धा. मग २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. जगलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचं पुढे काही झालं नाही आणि तो कागद दाबला गेला. तो कागद दिल्लीत नव्याने जन्मला नाही, पहिल्या दिवसापासून होता. सोळा वर्षं.

आणि वय विचार. हसू नकोस. पुण्याचं राठी हत्याकांड तुझ्या आजीला आठवत असेल, १९९४, सात खून. त्यात फाशी झालेल्या एकाला २०२३ मध्ये सोडावं लागलं, कारण राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीप्रमाणे घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्याने गुन्हा केला की नाही, हा तिथे प्रश्नच उरला नाही. अठ्ठावीस वर्षं आत. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटचा निकाल लागल्यावरही काढता येतो. म्हणून जेलमध्ये भेटशील त्या प्रत्येकाला पहिला प्रश्न ‘तूने किया क्या?’ हा नको. ‘स्कूल गया था? कौन-से गाँव में?’ हा विचार.

जाता जाता एक गंमत. परिस्थितिजन्य पुराव्यावर बहस करताना तू ‘हनुमंत नरगुंदकर, १९५२’ म्हणतेस ना? प्रत्येक वकील म्हणतो, मंत्रासारखं. हे नरगुंदकर म्हणजे मध्य प्रदेशचे आबकारी आयुक्त, खालच्या कोर्टांनी दोषी ठरवलेले आणि सुप्रीम कोर्टाने सोडलेले. पुराव्याची साखळी पुरी हवी हा नियम आपल्याला ज्याच्या नावाने पाठ आहे, तो स्वतःच चुकीने दोषी ठरलेला माणूस. बाररूममध्ये विचारून बघ कितीजणांना ठाऊक आहे.

निर्दोष सुटलेल्यांना मिळणाऱ्या भरपाईचं तू लिहिलंस त्याबद्दल थोडंच. भोपाळच्या त्या वैद्यकीय विद्यार्थ्याला २०२२ मध्ये आपल्या हायकोर्टाने ४२ लाख द्यायला सांगितले, तेरा वर्षं तुरुंगात गेली म्हणून. तपासच त्याला गोवण्यासाठी झाला असं कोर्टाने लिहिलं. बातमी वाचून तुझ्यासारखे पुष्कळजण हुरळले. पण नाशिकच्या खटल्यातल्या त्या सहा जणांना पाच-पाच लाख. आणि बिहारमधला एकजण १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही चौदा वर्षं जेलमध्येच राहिला, त्याला १९८३ मध्ये चंद्रचूडसाहेबांच्या कोर्टाने आधीचे ५ हजार धरून ३५ हजार दिले, आणि तेव्हा तीच क्रांती होती. विधी आयोगाने २०१८ मध्ये भरपाईच्या कायद्याची शिफारस केलीय, कायदा झालेला नाही. तेव्हा कुणाच्या बायकोसमोर आकडा उच्चारू नकोस.

बायकोवरून आठवलं. मुलाकातीच्या रांगेत त्या तुझा हात धरतील. ‘कब छूटेंगे?’ विचारतील. ‘बघू’ म्हणू नकोस, त्यांना ते ‘हो’ ऐकू येतं. सांग की कोर्टाच्या कागदांची नक्कल मिळायला इतके दिवस लागतील, वाचायला इतके, आणि त्या तारखेला मी फोन करीन. मग त्या तारखेला फोन कर, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

तो न रडलेला चौथा माणूस, त्याची फाइल आण. बाकीच्या तिघांचीही आण, रडले म्हणून त्यांचं कमी नको. येत्या रविवारी सकाळी ये, पोह्यांच्या वेळेला. माझ्या कपाटात खालच्या खणात त्या हम्मालाची जुनी फाइल आहे, तीही तुला द्यायचीय. एक्केचाळिसाव्या पानावर तो शब्द आहे. त्याच्याखाली मी पेन्सिलीने त्या दिवशी विचारायचे राहिलेले प्रश्न लिहीत आलोय, जसे सुचले तसे. आतापर्यंत अकरा झालेत. पेन्सिल फाइलमध्येच आहे.

तुझा,
काका