अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावांमधल्या ऐतिहासिक पाट्या आणि पुतळे थांबून वाचण्यासारखे असतात का?

थांबा, जरूर थांबा. फक्त पाटी वरून खाली वाचत येऊ नका, आधी तळाची ओळ शोधा. कुणी लावली आणि कोणत्या साली, हे बहुतेक वेळा तिथे असतं. ते कळलं की मग वरचा मजकूर वाचायचा.

तुम्ही लिहिलंय की लेकीला भेटायला अलाबामात येताय, मग गाडीने मिसिसिपी-लुइझियानाकडे फिरणार आहात, आणि फोटोंमध्ये प्रत्येक गावात कोर्टासमोर बंदूकधारी पुतळा नि रस्त्याकडेला लोखंडी पाटी दिसते. त्यावरचं कितपत खरं मानावं, असा तुमचा प्रश्न. एकाच गावाचं उदाहरण देते, म्हणजे उलगडा होईल.

मी मध्य लुइझियानात राहते. इथून रेड नदीच्या काठाने वर गेलं की कोलफॅक्स लागतं. वस्ती जेमतेम दीड हजार. ग्रँट पॅरिशचं मुख्य ठिकाण (लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात). नोव्हेंबरात पेकनची जत्रा भरते तेव्हा काय ती गर्दी, एरवी सामसूम. पॅरिशला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं नाव, गावाला त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचं. म्हणजे यादवी युद्ध (गुलामगिरीवरून उत्तर विरुद्ध दक्षिण) जिंकलेल्या पक्षाने १८६९ मध्ये नव्याने आखलेला हा मुलूख, आणि राहणारे गोरे लोक मात्र हरलेल्या बाजूचे. पुढचं सगळं त्यातूनच उभं राहिलं.

१८७२ ची राज्याची निवडणूक दोन्ही पक्षांनी आपणच जिंकली म्हणून जाहीर केली. दोन गव्हर्नर, आणि खाली गावोगावी शेरीफपदावर दोन-दोन हक्कदार. कोलफॅक्समध्ये कोर्टाचा ताबा रिपब्लिकन बाजूकडे (म्हणजे ग्रँट यांच्या, युद्ध जिंकलेल्या पक्षाकडे) होता आणि तो राखायला जमले होते ते मुख्यतः काळे शेतकरी नि मजूर, आठ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम असलेले. कोर्ट म्हणजे तरी काय, एका मळ्यातला जुना तबेला दुरुस्त करून केलेली इमारत. भोवती त्यांनी चर खणले. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. शेरीफपदाचा दुसरा हक्कदार ख्रिस्तोफर कोलंबस नॅश (हो, खरंच असं नाव) याच्या मागे दीडशेच्या आसपास हत्यारबंद गोरे आले, सोबत एक छोटी तोफ. कोर्टाचं छप्पर पेटवलं, आतले लोक बाहेर पडले, शरण आले. त्यांतले बरेच जागीच मारले गेले. जे कैद झाले, त्यांना रात्री बाहेर काढून गोळ्या घातल्या. काळ्या मृतांचा आकडा इतिहासकार साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. गोरे मेले तीन.

रात्रीच्या त्या कैद्यांपैकी लेव्ही नेल्सन गोळी लागूनही वाचला आणि पुढे न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला. आरोपपत्रात ९७ नावं होती. खटल्याला उभे राहिले मूठभर, दोषी ठरले तिघे, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडून दिले. क्रुइकशँक खटला म्हणून तो ओळखला जातो. कोर्टाचं म्हणणं असं की चौदावी घटनादुरुस्ती (सगळ्या नागरिकांना कायद्याचं समान संरक्षण देणारी) राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही. खासगी माणसांनी दुसऱ्याचे हक्क पायदळी तुडवले तर ते राज्याने पाहायचं, केंद्राने नाही. राज्य पाहणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दक्षिणेतल्या काळ्या माणसाचं मत पुढची कित्येक दशकं बुडालं, त्यात या निकालाचा वाटा मोठा आहे. पण गावात फिरताना तुम्हाला हे कुठल्याच जुन्या दगडावर सापडायचं नाही.

सापडायचं ते असं. गावच्या दफनभूमीत बारा फुटी संगमरवरी स्तंभ, सन १९२१. त्यावर तीन गोऱ्या मृतांची नावं आणि मजकूर असा की गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतीस. अक्षरं ठळक, ओळी मधोमध घेतलेल्या, कारागिराने काम मन लावून केलेलं. आडपडदा काही नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की कुणी नंतर खोडसाळपणा करून कोरलं असेल. नाही, मूळचंच आहे.

दुसरी, कोर्टाच्या आवारातली सरकारी पाटी, सन १९५०. मथळा ‘कोलफॅक्सची दंगल’. खाली मजकूर की या जागी झालेल्या दंगलीत तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, आणि या घटनेने दक्षिणेतला ‘कार्पेटबॅग’ अंदाधुंदीचा कारभार संपला. (उत्तरेकडून गालिच्याच्या कापडाची पिशवी घेऊन लुटायला आलेले उपरे, अशी ती शिवी.) पाटीवर वीर-बीर कुणी नाही. सगळं कसं शांतपणे, हवामान सांगावं तसं. मला विचाराल तर ही पाटी स्तंभापेक्षा जास्त घातक होती. स्तंभ वाचणाऱ्याला निदान कळतं की बोलणारा कोण आहे. पाटी सरकारी, त्यामुळे शाळेची पोरंसुद्धा ती खरी मानून पुढे जाणार. शिवाय ती धडधडीत चूकही होती. ज्या कारभाराला ती शिव्या घालते, तो कारभार लुइझियानात त्यानंतर आणखी चार वर्षं, १८७७ पर्यंत चालला. पाटी लावणारं खातं होतं राज्याचं वाणिज्य आणि उद्योग खातं. म्हणजे इतिहासाशी संबंध एवढाच की पर्यटक थांबला पाहिजे.

ती पाटी मे २०२१ मध्ये काढली. स्तंभाला तेव्हा हात लागला नाही.

आणि तिसरं स्मारक १३ एप्रिल २०२३ चं, दीडशे वर्षं झाली त्या दिवशीचं. काळा ग्रॅनाइट, त्यावर मारल्या गेलेल्या ५७ जणांची नावं. बाकीच्यांची नावं कागदोपत्री मिळत नाहीत. ते उभं करायला पुढाकार घेतला दोघांनी, एक मारल्या गेलेल्यांच्या वंशातला, दुसरा मारणाऱ्यांच्या. इथे त्याला दंगल नाही, हत्याकांड म्हटलंय. घटना एक, गाव एक, दगड तीन. म्हणून म्हटलं, आधी साल बघा.

थोडं विषयांतर. १८७३ हे साल आपल्याला दुसऱ्याच कारणाने पाठ असतं. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. कोलफॅक्समध्ये उभं राहिलं की ती अर्पणपत्रिका आठवतेच. जोतीरावांनी भलत्यांना मान दिला असं मात्र मला वाटत नाही. नॅशच्या माणसांना कोर्टात खेचणारा सरकारी वकील जेम्स बेकविथ हाही अमेरिकनच होता. त्याला दगड नाही मिळाला, एवढंच.

आता कोर्टासमोरचे पुतळे. यादवी युद्ध संपलं १८६५ मध्ये, आणि हे पुतळे बहुतेक सगळे १९०० ते १९२० या काळातले. म्हणजे लढलेली पिढी म्हातारी झाली होती, काळ्यांचा मताधिकार काढून घेणारे कायदे नुकतेच झाले होते, आणि १८९४ मध्ये स्थापन झालेली युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी (कॉन्फेडरसी म्हणजे युद्धात हरलेली दक्षिणेची बाजू) ही गोऱ्या बायकांची संघटना गावोगाव वर्गण्या काढत होती. पुतळा कुठे बसवायचा, तर कोर्टाच्या दारात. न्याय मागायला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या समोरून जावं लागे.

त्यातला विनोदाचा भाग असा की हे शिपाई पुष्कळदा कॅटलॉगमधून मागवलेले. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची मॉन्युमेंटल ब्राँझ कंपनी जस्ताचे शिपाई ओतून उत्तरेलाही विकायची आणि दक्षिणेलाही. जॉर्जियातल्या एल्बर्टनचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. १८९८ मध्ये तिथे ग्रॅनाइटचा शिपाई उभा केला. चौथऱ्यावर चढल्यावर लोकांच्या लक्षात आलं की गडी बुटका आणि टोपी-कोट चक्क उत्तरेकडच्या सैन्यासारखे! गावाने त्याचं नाव ‘डची’ पाडलं, दोन वर्षं सहन केलं आणि १९०० मध्ये एका रात्री दोर लावून खाली ओढला. नंतर तिथेच तोंड खाली करून पुरला. १९८२ मध्ये उकरून काढला, गाड्या धुतात त्या यंत्रातून माती धुऊन काढली, आणि आता तो गावच्या ग्रॅनाइट संग्रहालयात आडवा पडलाय. वाट वाकडी करून जाण्यासारखं ठिकाण आहे.

मग हे पुतळे काढत का नाहीत, हा पुढचा प्रश्न येणारच. काही ठिकाणी काढले. पण बऱ्याच राज्यांत कायदा आडवा येतो. तुमची मुलगी आहे त्या अलाबामात २०१७ पासून चाळीस वर्षांहून जुनं स्मारक सार्वजनिक जागेवरून हलवायला बंदी आहे, हलवलं तर दंड २५ हजार डॉलर. काही शहरांनी सरळ दंड भरायची तयारी ठेवली आणि पुतळा उतरवला. टस्कीगीचा पेच वेगळा. मराठी माणसाला टस्कीगी म्हटलं की कार्व्हर आठवतो, आणि तुम्ही तिथे जाणारच, म्हणून सांगते. काळ्यांची बहुसंख्या असलेल्या या गावाच्या मधोमध चौकात १९०६ पासून कॉन्फेडरेट शिपाई उभा आहे. काउंटीने चौकातली ती जागाच त्या वेळी डॉटर्सच्या संघटनेला देऊन टाकली होती. जमीन खासगी, त्यामुळे नगरपालिका आणि महापौर काळे असूनही हात बांधलेले. १९६६ मध्ये सॅमी यंग या काळ्या विद्यार्थ्याला मारणारा गोरा माणूस निर्दोष सुटला, त्या रात्री विद्यार्थ्यांनी पुतळ्याचं तोंड काळं केलं आणि पाठीवर पिवळा पट्टा ओढला (इंग्रजीत ही भित्रेपणाची खूण). कार्व्हरचं संग्रहालय पाहून झालं की चौकात दहा मिनिटं काढा.

मिसिसिपीत एकच ठिकाण जमणार असेल तर सम्नर. जेमतेम तीनशे वस्तीचं गाव. एमेट टिल या शिकागोहून आलेल्या १४ वर्षांच्या पोराला १९५५ मध्ये मारणारे दोघे इथल्या कोर्टात सुटले. ज्युरी सगळे गोरे, निर्णयाला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. कोर्टाच्या दारात १९१३ चा कॉन्फेडरेट शिपाई तेव्हाही होता. टिलच्या नावाची पाटी तिथे लागायला २००७ उजाडलं. त्याच वर्षी काउंटीने त्याच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली. तिथून जवळ टॅलाहॅची नदीवर, मृतदेह सापडला त्या ठिकाणी, २००८ मध्ये लावलेली पाटी चोरीला गेली. नंतरच्या पाट्यांवर लोकांनी गोळ्या झाडल्या. त्यांतली एक ३१७ भोकांसकट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडली होती. आताची २०१९ ची पाटी गोळी न भेदणाऱ्या पोलादाची आहे, वजन सव्वादोनशे किलोच्या वर. पाटीवर कुणाचा राग आहे हे कळायला हाही एक मार्ग.

व्यवहाराचं थोडं. दफनभूमीत जाताना कुणाचा दफनविधी चालू नाही ना ते बघा आणि स्थानिकांना अंगावर प्रश्न टाकू नका. गावचं वाचनालय बरं, तिथे बसलेली बाई हमखास बोलकी असते. सम्नरला कोर्टासमोरच एमेट टिल केंद्र आहे, त्यांच्या वेळा आधी बघून घ्या. नदीकाठच्या पाटीकडे जाणारा रस्ता खडीचा आहे आणि वाटेत पंप नाही. पेट्रोल आधीच भरा, नकाशा फोनवर उतरवून ठेवा, आणि पाऊस झाला असेल तर तो भाग सोडा.