फिनलंड की इंग्लंड, वाचन शिकवायला कोणाचं धोरण घ्यावं?

तुम्ही विचारलंय की फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात, इंग्लंडमध्ये पाचव्या वर्षीच फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं) सुरू, मग महाराष्ट्राने कोणाचं उचलावं. मी म्हणेन आधी लिपी बघा. फिनिशमध्ये जवळपास एक अक्षर एक आवाज, म्हणून पोरं पटकन वाचायला लागतात, त्यात उशिरा शाळेत घालण्याचा हात कमी आणि भाषेचा जास्त. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ तुम्हाला माहितीच आहे, तिथे २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून ४० शब्द वाचून घेतात आणि त्यातले २० चक्क बिनअर्थाचे, म्हणजे पोर पाठ केलेलं म्हणतंय की आवाज जोडतंय ते कळतं.

आपलं तिसरंच. बाराखडी, जोडाक्षरं, त्यात चार आणि चारा मधला च वेगळा.

मी दर शनिवारी वस्तीतल्या मुलांचं वाचन घेते. तिसरीतली एक मुलगी "दप्तरातल्या" वर अडली, द...प्त...रा...त...ल्या करत शेवटी पोचली, पण मिनिटाला किती शब्द हे मोजलं तर एवढ्या मेहनतीचा एकच शब्द धरला जातो! इंग्रजीत त्याचेच तीन-चार झाले असते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेने २०२१ मध्ये तिसरीसाठी मिनिटाला ६० शब्द ठरवले, आणि नंतर एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण संस्थेने २०२२ च्या पाहणीत २० भाषांचे निकष वेगवेगळे काढले, ते फार बरं केलं. हे आधीच व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

मग बाहेरून घ्यायचं काय, तर शिकवणाऱ्याला मदत कशी करायची ते. केनियाने २०१५ पासून टुसोमे या आपल्या वाचन कार्यक्रमात प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक दिलं, शिक्षकांना रोजच्या पाठाची गाइड दिली आणि वर्गात येऊन बसणारे कोच टॅबलेट घेऊन फिरवले. आणि उलटंही होतं बरं का, मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत, म्हणजे इयत्ता बाजूला ठेवून जो जिथे अडलाय त्या गटात बसवायचं, ती झांबियाने घेतली, पण वाचन तिथल्या स्थानिक भाषांमध्येच ठेवलं.

आमच्याकडेही आता तिसरी ते पाचवीची मुलं तशीच गटाने बसतात. त्या मुलीसमोर मी घड्याळ लावत नाही, वाचून झालं की गोष्टीत काय झालं ते विचारते, आणि ती अडखळत वाचलेलं सुद्धा सगळं नीट सांगते.