वर्ग फार शांत होता म्हणे!

प्रश्न : माझं माहेर मंगळवेढ्याजवळचं, लग्न होऊन गोव्यात फोंड्याला आले. बीएडच्या इंटर्नशिपमध्ये सातवीला मराठी शिकवते. परवा ज्वारीच्या सुगीवरचा उतारा घेताना एक मुलगा बसल्या जागेवरूनच म्हणाला, "टीचर, आमगेर अशें करिनात." (आमच्याकडे असं करत नाहीत.) आमच्या शाळेत गुरुजींना मध्येच तोडायची कुणाची छाती नव्हती. मी त्याला तासभर उभं केलं. मग सगळे चिडीचूप. निरीक्षक मॅडमनी शेरा मारला : 'वर्ग फार शांत.' शांत वर्ग हा दोष कधीपासून झाला?

उत्तर : दोष नाही. पण पोरं ऐकत होती की टरकली होती, हे नुसत्या शांततेवरून कळत नाही.

बीएडला कुणीच कोरी पाटी घेऊन येत नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली हिशेब मांडला होता : शालेय शिक्षण संपेपर्यंत मूल सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर काढतं. गोम अशी, की बाकावरून शिक्षक दिसतो, त्याची तयारी दिसत नाही. तुमच्या गुरुजींचा दरारा तुम्ही उचललात. ते कुणाला का गप्प करायचे, हे तुम्हाला कुठून कळणार?

इकडचं पोर घरी आजीलाही 'तूं' म्हणतं. बसून बोललं म्हणून ते उद्धट ठरत नाही. उलट त्याने तुम्हाला आयता धागा दिला होता. तुमचा शाळू रब्बीचा, इकडे वायंगणाचं भातही त्याच हंगामातलं. "मग तुमच्याकडे कापणी कशी करतात?" एवढं विचारलं असतं तर उतारा आपोआप उलगडला असता.

उभं करण्याबद्दल स्पष्टच सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मारच नव्हे, मानसिक त्रासही निषिद्ध आहे. ते बंद करा.

पण माहेरचं सगळंच टाकू नका. कविता तालात, सगळ्यांनी मिळून म्हणायची सवय तुमच्याकडे असणारच. पाठांतराला नाकं मुरडणारे बरेच भेटतील (बहुधा त्यांचे स्वतःचे पाढे पाठ असतात!), पण घरी कोंकणी, कन्नड, हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या कानावर मराठी पडते ती बव्हंशी तुमच्या तासालाच. त्यांच्या जिभेला वळण तिथेच लागेल.

आणि पुढचं पाठ टाचण दाखवायला जाल तेव्हा मॅडमना सहज विचारा, त्या शिकल्या तो वर्ग कसा होता. बोलका वर्गच चांगला, हे त्यांनीही कुठल्या तरी बाकावर बसूनच ठरवलं असेल.