जुनी शिक्षा आणि चारित्र्य पडताळणी

प्रश्न : माझ्या मुलाची केंद्रीय सशस्त्र दलासाठी निवड झाली आहे. विसाव्या वर्षी गावातील भांडणात त्याला न्यायालयाने दंड केला होता. साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात) ते लिहिल्यास नोकरी जाईल का?

उत्तर : तो नमुना विचारत असेल, तर शिक्षेची माहिती त्याने अवश्य लिहावी, कारण अशा प्रकरणांत उमेदवाराचे नुकसान पुष्कळदा मूळ गुन्ह्यापेक्षा ती लपवल्याने अधिक होते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले, की तरुण वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल, तर तो दडवल्याकडेही नियोक्ता स्वविवेकाने दुर्लक्ष करू शकतो; गुन्हा क्षुल्लक नसेल, तर मात्र निवड रद्द होऊ शकते. त्याच निकालानुसार, खरी माहिती दिल्यानंतरही उमेदवाराची पूर्वपीठिका तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो आणि त्याच्यावर नेमणुकीची सक्ती करता येत नाही, म्हणून नोकरीची हमी मी आपल्याला देऊ शकत नाही. निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि दंड भरल्याची पावती आजच मिळवून ठेवा. ‘कोणाला कळणार आहे?’ हा शेजाऱ्यांचा सल्ला कृपया ऐकू नका. पडताळणी पोलीस ठाण्यातील नोंदींवरूनच होते.