गरम झाल्यावरच चालू न होणारी गाडी : पंप बदलण्याआधी आरपीएम पाहा

गरम झालेली गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही, हा तुमचा प्रश्न वाचताना पुढचे वाक्य काय असणार ते मला आधीच कळत होते, कारण हेच दुखणे माझ्या पेट्रोल हॅचबॅकमुळे मी अख्खा एक उन्हाळा भोगले आहे. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. तासाभराच्या प्रवासानंतर चहाला थांबून बंद केली की सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. वीस-पंचवीस मिनिटे बॉनेट उघडे ठेवले की काही झालेच नाही अशी चालू होते. आणि अधूनमधून चढावर मिसिंग (इंजिन अडखळणे), एखादा झटका व स्कॅनरवर पी०३०० हा मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्याचा, कोड. तुमच्याकडे प्लग आणि प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बदलून झाले आहेत आणि आता फ्युएल पंपाचे कोटेशन हातात आहे. माझे मत विचाराल तर तो पंप एवढ्यात बदलू नका. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही आणि तुमची गाडी मी पाहिलेली नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

बॅटरी, टर्मिनल आणि फ्यूज पाहून झाले आहेत असे गृहीत धरतो. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो आहे, तेव्हा बॅटरीवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही.

तुम्ही लिहिलेल्या तपशिलांत एक गोष्ट तुमच्या मेकॅनिकने सोडून दिलेली दिसते. गाडी अडते तेव्हा प्लगला ठिणगी नसते आणि त्याच वेळी पंपाचाही आवाज येत नाही. कॉइल आणि पंप एकाच क्षणी बिघडले आणि वीस मिनिटांनी एकाच क्षणी सुधारले, असे सहसा होत नाही. दोन्ही एकदम गेले की दोघांच्या वर असलेल्या सामाईक गोष्टीकडे पाहावे लागते, आणि ती बहुधा मुख्य रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किंवा क्रँक सेन्सर (इंजिनच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणारा) यांपैकी एक असते. इंजिन फिरते आहे हे ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, मुख्यतः क्रँक सेन्सरकडूनच कळते. तो संदेश आला नाही तर बहुतेक गाड्यांमध्ये ईसीएम पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि कॉइल चालवत नाही. शिवाय किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद चाललेला पंपही थांबवून ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. म्हणजे सेल्फ मारताना पंपाच्या कपलरवर (वायरच्या जोडावर) करंट येत नाही, याचा अर्थ पंप खराब आहे असा होत नाही. करंटच येत नसेल तर पंपाचा त्यात काय दोष?

नेमके हेच एका मोठ्या वर्कशॉपने माझ्याबाबतीत लक्षात घेतले नाही. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण ही कार्यपद्धती त्या एका ठिकाणापुरती नाही. गाडी टो करून नेली तेव्हा तिथल्या मुलाने सर्वप्रथम स्कॅनर लावून सगळे कोड पुसून टाकले. कोणते कोड होते, ते इंजिनच्या कोणत्या तापमानाला आणि किती वेगाला नोंदले गेले, याची कोडसोबत साठवलेली जी नोंद असते तीही त्याबरोबर गेली. मग गाडी रात्रभर शेडमध्ये उभी राहिली, सकाळी थंड असताना अर्थातच चालू झाली, आणि जॉब कार्डवर शेरा पडला की तक्रार तपासली, दोष आढळला नाही. पुढच्या खेपेस ‘पंपाला सप्लाय येत नाही’ हे निरीक्षण त्यांनी अचूक केले आणि त्यावरून पंपाची संपूर्ण असेंब्ली बदलली. आठवड्याच्या आत गाडी खंबाटकीचा चढ ओलांडून थांबवल्यावर पुन्हा अडली. त्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरचे उत्तर होते की आता ईसीएम बदलून पाहू. ‘बदलून पाहू’ हा प्रयोग ग्राहकाच्या खर्चाने चालतो, आणि जुना भाग निर्दोष निघाला तरी नवीन भागाचे पैसे परत मिळत नाहीत, याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. गाडी गरम करून, ती अडलेली असताना तपासा, ही माझी एकच विनंती होती. त्यासाठी तंत्रज्ञाला तासभर मोकळा ठेवता येत नाही असे मला सांगण्यात आले.

दोष शेवटी सापडला तो रस्त्याकडेच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. गाडी अडलेलीच होती. त्याने मला सेल्फ मारायला सांगितले आणि स्वतः खिडकीतून आरपीएमच्या काट्याकडे पाहत राहिला. इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा हा काटा क्रँक सेन्सरच्याच संदेशावर चालतो. काटा शून्यावरून तसूभरही हलला नाही. मग गिअरबॉक्सच्या बाजूला हात घालून त्याने क्रँक सेन्सरचा दोन तारांचा कपलर काढला आणि सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर धरला. मीटर सर्किट तुटल्याचे दाखवत होता. त्याने पाण्याने भिजवलेले फडके सेन्सरवर दाबून धरले. थोड्या वेळात आकडे थरथरले आणि काही शे ओहमवर येऊन स्थिरावले. कपलर लावला, गाडी चालू झाली.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगतो. या प्रकारच्या सेन्सरमध्ये चुंबकावर अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते, आणि क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात त्यासमोरून जाताना त्यात विजेचे स्पंद उमटतात. वेटोळ्यात कुठे तार तडकली असेल तर उष्णतेने ती टोके दूर जातात आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. गाडी पळत असताना हवा लागत असते. इंजिन बंद केल्यावर मात्र कूलंटचे फिरणे थांबते, बॉनेटखालचे तापमान काही काळ उलट वाढत जाते आणि सेन्सर सर्वांत जास्त त्याच वेळी तापतो. त्यात सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोन-अडीचशे फेरे घेते, म्हणजे सेन्सरचा संदेश एरवीही त्या वेळी सर्वांत क्षीण असतो. त्यामुळे चालती गाडी चालत राहते आणि बंद केलेली अडते.

पी०३०० बद्दलही एक खुलासा हवा. कोणत्याही एका सिलिंडरचे नाव न घेणारा मिसफायरचा हा कोड आला की प्लग-कॉइलचा सेट बदलायची पद्धत पडली आहे. पण मिसफायर झाला हे ईसीएम ठरवतो ते क्रँकच्या वेगातील बारीक चढउतारांवरून, म्हणजे पुन्हा त्याच सेन्सरच्या साक्षीने. तराजूच बिघडलेला असताना मालात खोट काढण्यासारखे हे आहे. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एकच कोड पुनःपुन्हा येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड तिच्याबरोबर सरकला तर कॉइल दोषी, नाही सरकला तर हाच प्रयोग प्लगवर आणि नंतर इंजेक्टरवर करावा, आणि तरीही तो तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे. यात पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच हा प्रयोग कोणी सुचवत नाही.

आता तुम्ही करायचे ते असे. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारे यंत्र) विकत घ्या आणि गाडीतच ठेवा. मात्र काम झाल्यावर सॉकेटमधून काढत चला, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. आधी आहेत त्या कोडांचे आणि त्यांच्यासोबतच्या नोंदीचे फोटो काढा, आणि ते निघेपर्यंत कोणालाही कोड पुसू देऊ नका. पुढच्या वेळी गाडी अडली की स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये आरपीएम उघडून सेल्फ मारा. काट्यावर पूर्ण विसंबू नका, कारण काही गाड्यांमध्ये इतक्या कमी वेगाला तो हलतच नाही. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत अंतर ठेवावे. आरपीएम शून्यच राहिला तर सेन्सर, त्याचा कपलर आणि त्याची वायर, या क्रमाने नव्हे तर उलट क्रमाने तपासायला सांगा; एक्झॉस्टला टेकून भाजलेली वायर हेच सगळे घडवू शकते आणि तिला नवा सेन्सर लागत नाही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात, तेव्हा कुरतडलेल्या वायरींकडेही लक्ष असावे. तुमच्या सेन्सरला तीन तारा असतील तर तो बहुधा हॉल पद्धतीचा, म्हणजे वेटोळ्याऐवजी बाहेरून वीज घेऊन चालणारा, असेल, आणि तसा असेल तर त्यावर ओहम मोजून काही कळणार नाही. त्याचा सप्लाय आणि सिग्नल पाहावा लागतो.

सेन्सर बदलावा लागलाच तर कंपनीचा मूळ भाग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. बाजारातल्या स्वस्त नकलांवर माझा विश्वास नाही. काही गाड्यांमध्ये नवा सेन्सर स्कॅनरने ईसीएमला ओळखवून द्यावा लागतो, हे आधी विचारून घ्या. काढलेला जुना भाग आणि जॉब कार्डाची प्रत मागून घ्यायला संकोच करू नका. प्रकरण हातघाईवर आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तोंडी हकिगतीपेक्षा कागद उपयोगी पडतात.

तोपर्यंत एक काळजी अवश्य घ्या. हा दोष वाढला की गाडी चालतानाही बंद पडू शकते. तेव्हा स्टिअरिंग एकदम जड होते आणि ब्रेकला बूस्टरची मदत जेमतेम एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून निदान होईपर्यंत घाटात आणि द्रुतगती मार्गावर ही गाडी नेऊ नये. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर ताबडतोब बाजूला घ्यावी, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि तो महागडा भाग खराब होऊ शकतो.

आरपीएम व्यवस्थित दिसत असूनही गाडी अडत असेल, तर माझा अंदाज तुमच्या बाबतीत चुकला असे समजा. त्या परिस्थितीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारून पाहा. त्याने चालू झाली आणि पेट्रोलचा वास आला तर गळणारा इंजेक्टर किंवा खोटे तापमान सांगणारा कूलंट सेन्सर शोधावा लागेल. त्यासाठी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत किल्ली फिरवून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर पाहा, ती दोन्ही जवळजवळ सारखी असायला हवीत. ॲक्सिलरेटर दाबूनही चालू झाली नाही, तर मात्र पेट्रोलच्या लाइनला गेज लावून प्रेशर मोजून घ्या, आणि ते कंपनीने दिलेल्या आकड्याहून कमी भरले तरच पंपाच्या कोटेशनवर सही करा.